ओसरीवरचा समुद्र

विंचूर म्हटले की कोणाला कांदा आठवतो, कोणाला द्राक्षे आठवतात, आणि इतिहासाची गोडी असलेल्यांना पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आठवतात. समुद्र मात्र कोणालाच आठवत नाही. आठवावा तरी कसा? आमच्या गावापासून सरळ रेषेत मोजले तरी समुद्र दीडेकशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. येथला माणूस समुद्र पाहतो तो मुंबईला लग्नकार्याला गेल्यावर, चौपाटीवर, चपला हातात धरून.

तरीही अलीकडे एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. आमच्या ओसरीवर माशांची काचपेटी आहे, ही गोष्ट गावाला ठाऊक आहे. त्यामुळे कांद्याचे व्यापारी, बँकेतील मंडळी, आमच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांचे पालक, कोणी ना कोणी येऊन पेटीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "सर, आमच्याकडे पण फिश टँक आहे. गोल्डफिश आहेत, गप्पी आहेत. पण पोरांना तो सिनेमातला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा पाहिजे. तो म्हणे खाऱ्या पाण्यातला. मग आहे त्याच टाकीत किती मीठ टाकायचं?"

प्रश्न साधा आहे आणि विचारणाऱ्याचा हेतूही निर्मळ आहे. परंतु त्याचे उत्तर चमच्याच्या किंवा किलोच्या मापात देता येत नाही. गोड्या पाण्याची पेटी खारी करणे हे मीठ टाकण्याचे काम नसून जुनी वस्ती उठवून नवी वसवण्याचे काम आहे. ज्याला ते करावयाचे असेल त्याने काय काय समजून घ्यावे, हे नवशिक्याला झेपेल अशा भाषेत सांगावे एवढाच या लेखाचा उद्देश.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले तीसेक ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपल्या ओळखीचे मीठच. उरलेल्या पाच ग्रॅमांत मात्र मोठे गोकुळ आहे. सल्फेट आहे, मॅग्नेशियम आहे, शिंपले आणि प्रवाळ ज्यापासून आपली घरे बांधतात ते कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, आणि पाण्याचा स्वभाव फार आंबट किंवा फार अल्कधर्मी होऊ न देणारा बायकार्बोनेट आहे. समुद्रातील जीव या सगळ्या गोतावळ्यात राहतात. नुसत्या मिठाच्या पाण्यात त्यांना ठेवणे म्हणजे माणसाला जन्मभर फक्त भातावर ठेवण्यासारखे आहे.

"पण सर, मीठ समुद्रातूनच तर येतं ना?" असे कोणी विचारील. येते, पण येताना बाकीच्यांना मागे टाकून येते. पेण-उरणकडील किंवा मुंबईलगतची मिठागरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे चटकन पटेल. खाडीचे पाणी उन्हात आटू लागले की आधी चुन्याचे आणि जिप्समचे क्षार खाली बसतात. त्यानंतर मीठ धरते. मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहून जाते. म्हणजे मिठागर हे एका अर्थाने समुद्राची वाटणी करण्याचे ठिकाण आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात येतो तो त्यातला एकच वाटेकरी. शिवाय बाजारातील पुड्यातल्या मिठात आयोडीन घातलेले असते आणि ते मोकळे राहावे म्हणून आणखीही काही मिसळलेले असते.

पाणी खारट लागले म्हणजे ते समुद्राचे झाले, असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहा. उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेल्या त्या खोलगट कुंडातले पाणी खारेही आहे आणि धुण्याच्या सोड्यासारखे तीव्र अल्कधर्मीही आहे. समुद्राच्या माशाला त्यात सोडले तर तो घटकाभरही टिकणार नाही.

या उलट खऱ्या समुद्राची गंमत अशी की, तो कोठेही घ्या, त्याच्या क्षारांचे आपसांतले प्रमाण जवळजवळ तेच असते. 'चॅलेंजर' नावाचे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर समुद्रसंशोधन करीत हिंडले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कोठे थोडे अधिक खारे, कोठे कमी. पण क्षारांची एकमेकांतली वाटणी सर्वत्र सारखी. म्हणूनच समुद्र न पाहता समुद्राचे पाणी तयार करता येते.

ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्या उद्योगात ज्याचा मोठा हात होता तो निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस याला एक अडचण दिसली. ज्यांना किनारा जवळ नाही त्यांनी समुद्राचे पाणी आणावे कोठून? त्याने चार क्षार तोलून-मापून एकत्र केले, साध्या पाण्यात विरघळवले, आणि १८५४ साली या कृत्रिम समुद्रजलाची कृती छापून टाकली. आज दुकानांतून मत्स्यपेटीसाठी जे 'मरीन सॉल्ट' मिळते ते गॉसच्या त्या कृतीचेच नातवंड-पतवंड समजावे. नवशिक्याने हेच तयार मिश्रण घ्यावे. घरी निरनिराळे क्षार आणून प्रयोग करण्याच्या भानगडीत पडू नये.

माशाची तहान

आता दुसरा प्रश्न. पेटीत आधीपासून असलेल्या माशांचे काय? हळूहळू मीठ वाढवीत गेले तर ते सरावतील ना?

बहुतेक सरावत नाहीत, आणि त्याचे कारण त्यांच्या शरीराच्या घडणीत आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारे असते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखे आत झिरपत राहते. तो मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट मूत्रावाटे ते सारखे बाहेर टाकीत असतो. समुद्रातल्या माशाची स्थिती नेमकी उलटी. त्याच्याभोवतीचे पाणी त्याच्या रक्तापेक्षा कितीतरी खारे. त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. भर समुद्रात राहून तहानलेला असा हा प्राणी आहे. गोल्डफिशला खाऱ्या पाण्यात सोडले तर लोणच्याच्या फोडीला मीठ लावल्यावर जे होते तेच त्याचे होते, फक्त अधिक सावकाश आणि अधिक यातनेने.

याला अपवाद आहेत. आपल्या रायगडचा जिताडा खाडीतून गोड्या तळ्यात येऊन मजेत वाढतो. चिलापीला दोन्ही पाणी चालते. आणि काचपेट्यांतून सर्रास असणारी मोली ही मासळी, पाणी काही दिवसांत टप्प्याटप्प्याने खारे करीत नेले तर समुद्राच्या पाण्यातही नांदते. परंतु गोल्डफिश, एंजल, गप्पी, टेट्रा असा मिश्र संसार असेल तर त्यांना प्रथम दुसरे घर पाहून द्यावे. ओळखीच्या कोणाची पेटी असेल, दुकानदार परत घेत असेल, शाळेत पेटी असेल, कोठेही. पण ते नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात किंवा शेजारच्या विहिरीत सोडण्याचा 'पुण्यसंचय' कृपा करून करू नये. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा अशाच सुटकांमुळे देशातील अनेक तळ्या-नद्यांत पसरला आहे, आणि मूळच्या मासळीच्या व भोई मंडळींच्या जाळ्यांच्या मुळावर आला आहे.

जुन्यातले काय ठेवावे

पेटी रिकामी झाली की संसार आवरताना करतो तशी निवड करावी. काच, टेबल आणि दिवा ठेवावा. पाणवनस्पती, लाकडाचे ओंडके आणि रंगीत खडे निरोपास पात्र. वनस्पती खाऱ्या पाण्यात कुजतील आणि पाणी नासवतील. लोखंडी झाकण, स्क्रू, पितळी कडी असे काही पाण्याशी संबंध येण्याजोगे असेल तर तेही काढावे. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे कोकणातल्या खिडक्यांचे गज सांगतात.

दोन गोष्टींची मात्र खास चौकशी करावी. पहिली तांब्याची. माशांच्या अंगावरील किडींसाठी तांबेयुक्त औषध वापरण्याची पद्धत आहे. त्याचा अंश खड्यांत आणि काचेच्या जोडातल्या सिलिकॉनमध्ये मुरून राहू शकतो. मासे ते सोसतात, पण कोळंबी, शंख, शेवंड असल्या प्राण्यांना तांबे विष आहे. पेटीत पूर्वी असे औषध पडले असेल तर पुढे फक्त मासेच पाळायचे, असे ठरवून टाकावे.

दुसरी चौकशी जिओलाइटची, आणि ही आम्हा नाशिक जिल्हेकरांच्या अगदी घरची. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे हे सुंदर स्फटिक आठवतील. या जातीच्या खनिजाचे खडे गोड्या पाण्याच्या गाळणीत घालतात, कारण ते पाण्यातला अमोनिया धरून ठेवतात. पण मिठाचे पाणी लागले की हे खडे सोडियम धरतात आणि अमोनिया सोडून देतात. जुने जिओलाइट पुन्हा ताजे करण्यासाठी ते मिठाच्या पाण्यातच बुडवतात, ते याच कारणाने. तेव्हा गाळणीत हे खडे असताना पेटीत क्षार मिसळले तर महिनोन् महिने साठलेली घाण एका दिवसात पाण्यात उतरते. गाळणी उघडून पाहिल्याशिवाय क्षाराच्या पुड्याला हात लावू नये.

पाणी कोठले?

आमच्याकडील बोअरचे पाणी जड. शिवाय शेतीप्रधान मुलखात खतांचा अंश भूजलात उतरतो. समुद्राचे पाणी तयार करताना मूळ पाणी जितके निर्भेळ तितके बरे, कारण जे क्षार हवेत ते आपण मोजून घालणारच आहोत. म्हणून घरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा नेहमीच्या पेटीत वाळू-खडक घातल्यावर साधारण शंभर लिटर पाणी बसते. घरगुती यंत्रातून एवढे पाणी साठवायला काही दिवस लागतील. यंत्रातून जे पाणी वाया जाते ते धुण्या-भांड्यांना घ्यावे, म्हणजे घरच्या बाईमाणसांचा या उद्योगाला असलेला विरोध थोडा मवाळ होतो, असा माझा अनुभव आहे.

शंभर लिटरांना साडेतीन ते पावणेचार किलो क्षार लागतात. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात क्षार घालावे, हवेचा पंप सोडावा आणि एक दिवस ढवळू द्यावे. क्षारावर पाणी ओतू नये. दुसऱ्या दिवशी खारेपणा मोजावा. विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ यांच्या दरम्यान हवे. त्यासाठी काचेचा तरंगता मापक मिळतो, पण रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. हे नाव ऐकून बिचकायला नको. द्राक्षाच्या मण्याचा रस काचेवर पिळून साखर उतरली की नाही हे आमचे बागायतदार ज्या नळीतून पाहतात, तिचेच हे भावंड आहे. मात्र बागेतली नळी साखरेच्या मापाची असते, म्हणून पेटीसाठी समुद्रजलाच्या मापाची स्वतंत्र नळी घ्यावी.

न दिसणारी वस्ती

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. या सबंध लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे : पेटीतले पहिले रहिवासी मासे नसतात.

मासा जे खातो त्यातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशालाच विषारी असतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते, आणि ते आपण पाणी बदलून काढून टाकू शकतो. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला. आपल्या जुन्या पेटीत हे जिवाणू खड्यांवर, गाळणीवर लक्षावधींनी असतात. परंतु ते गोड्या पाण्याला सरावलेले. पाणी एकदम समुद्राइतके खारे झाले की त्यांतले बहुतेक गारद होतात. जुनी गाळणी तशीच लावली म्हणून जुनी पुण्याई कामी येत नाही. सारे पहिल्यापासून उभारावे लागते.

त्यात भर अशी की, खाऱ्या पाण्यात चुकीला जागा कमी असते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनियाचा जो अंश विषारी रूपात असतो तो साध्या पाण्यातल्यापेक्षा दहापटींहून अधिक भरतो. शिवाय त्याच उष्णतामानात खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू कमी धरते. म्हणून गोड्या पाण्याच्या पेटीत जेथे पंधरा मासे नांदत होते तेथे समुद्राचे तीन-चार लहान मासे म्हणजे भरलेले घर.

तेव्हा क्रम असा. तळाला शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे कॅल्शियमयुक्त, वाळू घालावी. तिच्यावर सच्छिद्र खडक रचावेत. बाजारात भाजलेल्या मातीचे तयार खडक मिळतात. त्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती होते. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थाने जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर समुद्राची पेटी राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून खडक हेच या पेटीचे खरे फुप्फुस मानले जाते. मग पाणी सोडावे, प्रवाहासाठी पंप लावावा, आणि चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पेटीत टाकावे. ते कुजेल, अमोनिया होईल आणि जिवाणूंच्या पंगतीला पहिले पान वाढले जाईल.

त्यानंतर थांबावे. चार आठवडे, कधी सहा आठवडे. दर दोन-तीन दिवसांनी तपासणीच्या थेंबांनी पाणी पाहावे. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो. मग नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की वस्ती बसली. मध्यंतरी वाळूवर तपकिरी साय धरते, मग काचेवर हिरवी झाक येते. त्याने घाबरून जाऊन पेटी घासत बसू नये; ती वाढत्या वयाची लक्षणे आहेत.

आमच्या ओसरीवर हे सहा आठवडे चालू होते तेव्हा शेजारचे एक काका रोज संध्याकाळी येत. नुसते पाणी, वाळू, दगड आणि बुडबुडे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सर, मासे कुठं लपलेत?" मी म्हटले, "अजून आलेले नाहीत." दहाव्या दिवशी त्यांनी सौभाग्यवतींना हळूच विचारले, "वहिनी, सरांचं सगळं ठीक आहे ना?" पण आमच्या मुलीने एक वही केली होती आणि तीत ती रोजचे आकडे लिहीत होती. सदतिसाव्या दिवशी नायट्राइटचा रंग बदललाच नाही, तेव्हा तिला जो आनंद झाला तो पुढे मासे आल्यावर झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता. रिकाम्या पेटीकडे पाहण्याची ही सहा आठवड्यांची तयारी ज्या घरात नसेल, त्या घराने गोड्या पाण्यातच सुखी राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

थंडी, ऊन आणि वीज

किनाऱ्यावरच्या माणसाला जे फुकट मिळते ते आम्हाला विजेवर विकत घ्यावे लागते. समुद्राच्या माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. निफाड तालुक्याची थंडी तर वर्तमानपत्रांत गाजते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या मुंबईकर चवीने वाचतात. अशा रात्री पेटीत हीटर हवाच. उलट एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावावा लागतो. आणि वीज गेली की प्रवाह थांबतो, प्राणवायू घटतो. म्हणून विजेरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा, जसा कंदील पूर्वी असे.

दिवाळीच्या दिवसांत एक विशेष काळजी. हवेचा पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. खोलीत रंगकाम चालू असेल, अंगणात फटाक्यांचा धूर कोंडला असेल किंवा डासांसाठी फवारा मारला असेल, तर तेही पाण्यात जाते. तेवढा वेळ पंप धुरापासून दूर ठेवावा आणि पेटी झाकावी.

मासे येतात कोठून?

आमच्या पिढीच्या अनेकांनी समुद्राचा जिवंत मासा प्रथम पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर त्याचे उद्घाटन झाले, आणि एका पारशी दात्याच्या देणगीमुळे त्याला ते नाव मिळाले. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांतले मासे तेथे एका छपराखाली होते. शाळांच्या सहलींतून गेलेल्या हजारो मुलांनी तेथल्या काचांना नाके लावली. २०१५ साली ते नव्या रूपात उघडले, पुढे पुन्हा बंद झाले. समोर रस्त्यापलीकडे अरबी समुद्र असूनही आत समुद्र सांभाळायला माणसे आणि यंत्रे अहोरात्र राबत, ही गोष्ट ओसरीवर समुद्र आणू पाहणाऱ्याने मनात धरावी.

तेथे पाहिले ते सारे घरी आणता येत नाही, आणि आणूही नये. गोड्या पाण्याचे शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत आणि हौदांत पैदा केलेले असतात. समुद्राचे शोभेचे मासे मात्र अजूनही मोठ्या प्रमाणात प्रवाळांच्या बेटांवरून पकडून आणले जातात. फिलिपीन्ससारख्या देशांत ते पकडण्यासाठी सायनाइडचा फवारा मारण्याची दुष्ट रीत साठाच्या दशकापासून चालत आली. त्यात मासा गुंगतो, आणि ज्या प्रवाळात तो राहतो ते प्रवाळ मरते. आपल्याकडे २००१ सालापासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. प्रवाळ फार दूरचे नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाशी ते आहेत, आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले ते अशाच जिवांसाठी. तेव्हा दुकानदाराने 'खास आपल्यासाठी' म्हणून प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रघोडा पुढे केला तर हात जोडून परत यावे.

सुदैवाने पोरांना हवा असलेला तो विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, या बाबतीत सोयीचा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास हौदांत करून दाखवली आहे, आणि महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झाले आहे. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा, "हा पैदाशीचा की पकडलेला?" हा असावा. पैदाशीचा मासा पेटीत अधिक चांगला टिकतो, हा व्यवहारी लाभही आहेच.

या माशाचे कुटुंबही ऐकण्यासारखे आहे. सगळी पिले नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती मेली की तिचा नर स्वतः मादी होऊन घर चालवतो. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे आज जी पाचवीतली मुलगी त्याच्यासाठी हट्ट धरते, ती कॉलेजात जाईपर्यंत त्याचे पाणी कोणीतरी बदलायचे आहे. कोणी, हे मासा आणण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे.

मुंबईहून लासलगाव स्थानकापर्यंतचा प्रवास पिशवीतल्या माशाला जड जातो. प्राणवायू भरलेली पिशवी थर्माकोलच्या पेटीत ठेवून आणावी. घरी आल्यावर पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. मासा एका स्वच्छ भांड्यात घेऊन बारीक नळीने पेटीचे पाणी त्यात थेंब थेंब सोडावे, आणि तासाभराने मासा हलकेच पेटीत सोडावा. आधी दोनच मासे आणावेत. महिनाभर सारे सुरळीत चालले तरच तिसऱ्याचा विचार.

रोजचा वाटीभर गोडवा

खाऱ्या पेटीची रोजची निगा थोडी असते, पण चुकवता येत नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून पातळी खाली गेली की भर घालायची ती साध्या, गोड्या पाण्याची. खारे पाणी घालीत राहिले तर पेटी हळूहळू मिठागर बनते. काचेवर एक रेघ ओढून ठेवावी आणि रोज सकाळी पातळी त्या रेघेपर्यंत आणावी. कोरड्या उन्हाळ्यात शंभर लिटरांच्या पेटीला रोज लिटरभर पाणीही लागू शकते.

दर पंधरवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी काढून तितकेच नवे, आदल्या दिवशी कालवलेले खारे पाणी घालावे. येथे एक घरगुती फरक पडतो. गोड्या पेटीचे जुने पाणी झाडांना खत म्हणून घालण्याची आपल्याला सवय असते. खाऱ्या पेटीचे पाणी तुळशीला घातले तर तुळस जळेल, आणि द्राक्षाच्या वेलीला घातले तर शेजारी बोलणे सोडील. ते सरळ मोरीत सोडावे. घरातील सर्वांना, विशेषतः कामाला येणाऱ्या मावशींना, हे नीट सांगून ठेवावे.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, "सर, हे तर लग्नाच्या तयारीपेक्षा जड आहे." तसे नाही. काम थोडे-थोडे आहे, फक्त ते क्रमाने करायचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या माशांची सोय लावावी आणि पेटी धुऊन, साबण न लावता, कोरडी करावी. तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी साठवावे आणि क्षार कालवावे. मार्गशीर्षभर रिकाम्या पेटीत दगडांकडे पाहावे, थेंब टाकावेत, आकडे वहीत लिहावेत. आकडे सांगतील तेव्हा, साधारण संक्रांतीच्या सुमारास, दोन लहान मासे आणावेत. त्या दिवशी पेटीच्या बाजूला तिळगुळाची वाटी असेलच. पण मुलांना बजावावे की त्यातला एक दाणाही पाण्यात जाता कामा नये.